पान आठ, डावा कोपरा

संध्याकाळी सहा ते दहा मी मराठीची पानं लावतो,
साडेदहानंतर, दोन गल्ल्या ओलांडून, कानडीची.
मधल्या अर्ध्या तासात भेंडीबाजारच्या कोपऱ्यावर
उभ्यानं एक मिरची-भजी, हाफ चहा,
आणि डोळ्यांपुढं न भरलेला एक पांढरा चौकोन.

दोन्हीकडं कसं जमतं रे सातेरी, विचारतात.
जमतं की.
मराठीला डोक्यावर जागा सोडावी लागते,
मात्रा, रफार, अनुस्वार, सगळा पसारा वर.
कानडीला पायाखाली:
जोडाक्षरं खाली लोंबतात,
खानापूरकडच्या फणसांसारखी, बुंध्यालाच.
दोन ओळींत अंतर किती ठेवायचं,
माझा पगार तेवढ्याचाच.

मराठीचा वाचक सत्तरीतला, मालक म्हणतात,
पेपर यायच्या आधीच फाटकात उभा.
म्हणून अक्षर अर्ध्या पॉइंटनं मोठं.
पहिल्या पानावर सीमेची बातमी, आठ कॉलम, तांबडी;
तारीख पुढं गेली तरी तांबडीच.
आत पतसंस्थेची वार्षिक सभा,
हारांसकट बावीस चेहरे एका ओळीत.
ज्याचा कान कापला जातो
तो सकाळी ऑफिसात येतो.

कानडीचा वाचक तेवीस वर्षांचा, असं तिथले संपादक,
सदाशिवनगरात खोली करून भरतीच्या मागं लागलेला.
त्याला चौकट पाहिजे, तक्ता, तालुक्यांचे आकडे,
निळ्या पट्टीत रोज एक प्रश्न,
उत्तर दुसऱ्या दिवशी, तेही उलटं छापलेलं.
तळाला सरकारी टेंडर, मुंग्यांची रांग,
जिच्यावर अख्खा पेपर चालतो.

उसाचा दर दोन्हीकडं सारखा.
बिलं थकवणाऱ्या कारखान्याचं नाव
एकीकडं सातव्या ओळीत,
दुसरीकडं नाहीच.
अर्धं पान जाहिरात दोन्हीकडं त्याचीच.

गावाचं नाव मी रोज दोनदा लिहितो.
दहाच्या आत बेळगाव,
दहानंतर बेळगावि.
एवढ्याशा वेलांटीपायी
बसच्या काचा फुटलेल्या बघितल्यात मी,
आणि दोन्ही पेपरांत त्याच काचांचा फोटो
मीच लावलाय, वेगवेगळ्या बाजूनं कापून.

गेल्या मंगळवारी वडगावातनं एक पोरगा आला.
वडलांची द्यायची, म्हणाला, दोन्हींत.
आईकडचे बैलहोंगलचे, त्यांना मराठी येत नाही.
लुमाण्णा बेकवाडकर, मागावर चाळीस वर्षं.
फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला,
शेजारी कुणाचातरी खांदा, हिरवा काठ.
मराठीत काळी जाड चौकट, एक कॉलम,
जावई, सुना, नातवंडं, रक्षाविसर्जन गुरुवारी.
कानडीत बारीक रेघ, कॉलम जरा रुंद.
निधन हा शब्द दोन्हीकडं तोच.
इतकी वर्षं लावतोय,
त्या रात्री पहिल्यांदा दिसला.

मराठीत वेळ होता, खांदा काढला, साफ.
कानडीत बारा वाजून गेलेले,
जागा होती, राहू दिला.

सकाळी फोटो परत द्यायला गेलो.
गौरव्वा भिंतीला टेकून बसलेल्या,
पुढ्यात दोन्ही पेपर, पान आठ.
अक्षर त्यांना कुठलंच येत नाही.
एकावर बोट ठेवलं: ह्यात ते एकलेच हाईत.
मग दुसऱ्यावर, हळू, शाई पुसेल अशा बेतानं:
ह्यात मी बी हाय की.

मी काही बोललो नाही.
कुणी कापलं, हे खाली छापत नाहीत, बरं असतं.

पोरानं ब्लेड आणलं,
चौकट सोडवली, रेघेबाहेरनं, सरळ.
भाताचं शीत लावून चिकटवायला पालथी घातली
तेव्हा मागच्या बाजूला, निळ्या पट्टीत,
सोमवारच्या प्रश्नाचं उत्तर होतं.
मान वाकडी करून वाचलं मी.
पर्याय तिसरा.
प्रश्न काय होता,
आठवेना.